दुनळी आणि तारेची घासणी

खंडेनवमीला आमच्या घरी बंदुकीची पूजा होते, ही गोष्ट लग्न ठरताना मी माहेरी सांगितली नव्हती. माझं माहेर पेठेतलं. तिथे खंडेनवमीला पाटावर बाबांचं पेन, आईची विळी आणि माझी कंपासपेटी असायची, आणि त्या दिवशी अभ्यास करावा लागत नाही याचाच काय तो आनंद. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आई धायरीला आली. पाटावर माझ्या शिलाई मशीनशेजारी आडवी ठेवलेली, दस्त्याला हळदकुंकू लावलेली दुनळी बंदूक तिने नीट पाहून घेतली आणि म्हणाली, "बरं आहे, तुमच्याकडे पाहुण्यांना जेवायचा आग्रह करावा लागत नसेल." माझे सासरे खो खो हसले. मी मात्र जमिनीत गडप व्हायला तयार होते.

सासरे मूळचे धायरीचेच, धायरी गाव होतं तेव्हापासूनचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी परवान्याची बारा बोअरची बंदूक घेतली आणि बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर राखणदार म्हणून लागले. त्या नोकरीत बंदूक कंपनी देत नाही, माणसाने आपली आणायची. बंदूक नसेल तर माणूस कितीही शूर असो, त्याला घरी बसवतात. म्हणजे खरी नोकरी बंदुकीलाच होती, सासरे तिच्याबरोबर जात. हे मी एकदा त्यांना म्हटलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बंदूक लोखंडी कपाटात असायची आणि किल्ली सासऱ्यांच्या करगोट्याला. तिला आम्हा कुणाचा हात लागलेला त्यांना चालायचा नाही, माझ्या नवऱ्याचासुद्धा नाही.

खंडेनवमीला सकाळी ते गॅलरीत पोतं अंथरायचे, बंदूक उघडून तिचे भाग सुटे करायचे आणि साफ करायचे. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे चिंध्यांना तोटा नसतो. मी चिंध्या आणि मशीनचं तेल नेऊन द्यायची आणि कामाला लागायची, कारण दसऱ्याच्या आधी गिऱ्हाइकांचा जीव ब्लाउजात अडकलेला असतो. ते बंदूक कशी पुसतात, कशाने पुसतात, याकडे मी कधी लक्ष दिलं नाही. का द्यावं? दर वर्षी होणारी गोष्ट कोण बघत बसतं?

ज्या वर्षाबद्दल सांगतेय, त्या वर्षी उन्हाळ्यात निवडणूक होती. निवडणूक आली की परवानेवाल्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. सासऱ्यांनी केली. परत मिळेपर्यंत निम्मा पावसाळा सरला होता, आणि जिथे ती ठेवली होती तिथे भिंतींना ओल असावी, कारण घरी आली ती गंज घेऊन. "लेक नांदाया धाडावी आन् हाडं हून परत यावी, तसं झालं बघ," एवढंच सासरे मला म्हणाले. तेल लावून वापरण्याजोगी केली, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. त्या सकाळी मला सिंकवरची तारेची घासणी सापडेना. नवी कोरी, आदल्याच दिवशी आणलेली. शोधत गॅलरीत गेले तर ती सासऱ्यांच्या हातात. बंदूक मध्ये उघडून, काडतुसांची बुडं ज्या सपाट लोखंडाला टेकतात तो भाग ते घासणीने खसाखसा घासत होते. मला राग आला. "मामा, ती भांड्यांची आहे," मी म्हटलं. त्यांनी मान वर न करता "देतो, देतो" म्हटलं. मी परत मशीनवर बसले. मी पाहिलं ते एवढंच, आणि याच एवढ्याशा गोष्टीने पुढे माझं डोकं पिंजून निघालं.

दसरा झाल्यावर पोलीस आले. तपास एका तरुण अधिकारी बाईंकडे होता. त्यांनी जे सांगितलं ते असं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात वाघोलीला, एका प्लॉटच्या जागेवर, संध्याकाळी अंधार पडता पडता कुणीतरी गोळी झाडली. जागेच्या मालकाच्या भागीदाराच्या मांडीत छर्रे घुसले. माणूस वाचला, पण गोळी घालणारा दिसला नाही. जवळच गवतात बारा बोअरच्या काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली. आणि त्याच जागेवर आदल्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी काही महिने राखण केली होती.

ते खरं होतं. ती राखण सोडली तेव्हा भांडण झालं होतं तेही खरं होतं. भागीदाराने त्यांना शेजारच्या शेतकऱ्यांसमोर बंदूक घेऊन उभं राहायला सांगितलं, म्हणजे ते बांध सोडून मागे सरकतील. सासरे म्हणाले, बंदूक राखणीला आहे, भ्या दाखवायला नाही. त्यावर तो काहीतरी घाण बोलला आणि सासऱ्यांचा तोल गेला. "एक दिवस तुलाच दाखवावी लागंल," असं ते चार लोकांदेखत म्हणून आले. घरी येऊन त्यांनी ते आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलंही होतं. आता त्या चार लोकांनी ते पोलिसांना सांगितलं होतं.

बाईंनी बंदूक उघडून उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या. "ही एवढी चकचकीत कधी केली?"

"खंडेनवमीला," सासरे म्हणाले.

"म्हणजे घटनेनंतर."

"खंडेनवमी नंतर आली, त्याला म्या काय करू?"

बाई माझ्याकडे वळल्या. दर वर्षी अशीच घासतात का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो. दर वर्षी."

हे उत्तर माझ्या तोंडून इतक्या पटकन गेलं की ते मी दिलं की माझ्यातल्या सुनेने दिलं, हे मला आजही सांगता येत नाही. बाईंनी ते लिहून घेतलं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांना पंच म्हणून बोलावलं होतं. पंचनाम्यात 'दस्त्यावर लाल रंगाचा डाग' असं लिहिलं गेलं तेव्हा सासरे उसळले. डाग नव्हे, कुंकू आहे, असं ते तीनतीनदा म्हणाले. शेवटी बाईंनी 'लाल रंगाचा डाग, कुंकवासारखा दिसणारा' अशी दुरुस्ती केली. मग कापड, दोरा, लाख, सह्या, आणि बंदूक गेली. सासरे रिकामं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर बसून राहिले.

त्यांना अटक झाली नाही. त्या संध्याकाळी कुठे होतात, या प्रश्नाला त्यांनी "फिराया गेलो होतो" एवढंच उत्तर दिलं होतं. कुठे, तर रस्त्यानं. कुणी पाहिलं का, तर बघितलं असंल कुणीतरी. बाई म्हणाल्या, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पुण्याबाहेर जाऊ नका. बंदूक नाही म्हटल्यावर कंपनीने कामावर येऊ नका सांगितलं. काडतुसांचा हिशोब बरोबर निघाला, पण एखादं काडतूस बाहेरून मिळवणं फार अवघड नाही, असंही बाई म्हणाल्या होत्या.

माझी खरी पंचाईत पुढे सुरू झाली. जबाबासाठी मला ठाण्यात बोलावलं तेव्हा मी बाईंना विचारलं की एका पुंगळीवरून बंदूक कशी ओळखतात. मला वाटत होतं सगळं नळीत असतं. त्यांनी सांगितलं, ते पिस्तुलाचं. तिथे नळीच्या आत आटे असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उठतात. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत, छर्रे काही बोलत नाहीत. बोलते ती पुंगळी. चाप ओढला की एक पिन काडतुसाच्या बुडावर आपटते, त्याचा खळगा पडतो. शिवाय स्फोटाच्या जोराने काडतूस मागे दाबलं जातं आणि मागच्या लोखंडावरचे बारीक ओरखडे त्याच्या पितळेवर उमटतात. दोन बंदुकांचे ओरखडे सारखे नसतात.

हे मला लगेच पटलं. माझ्या जुन्या मशीनचा टाका किंचित डावीकडे कलतो. कितीही तेलपाणी केलं तरी कलतो. पाच वर्षांनी एखादी बाई उसवलेला ब्लाउज घेऊन आली, तर तो मी शिवलाय की दुसरीकडचा आहे, हे मी टाका बघून सांगते. तसंच हे असणार.

ठाण्याबाहेर आले, रिक्षात बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागचं लोखंड. म्हणजे घासणीने घासलं तेच. सासऱ्यांनी गोळी झाडली नसेल, तर ती झाडली नाही हे सांगणारे ओरखडे माझ्या घासणीने गेले. आणि झाडली असेल, तर झाडली हे सांगणारे ओरखडेही माझ्याच घासणीने गेले. यातलं कशाला घाबरायचं हेच मला ठरवता येईना. सिंहगड रस्त्यावर रिक्षा नेहमीसारखी अडकली होती आणि मी मनातल्या मनात मागचे दसरे एकेक काढून बघत होते. चिंध्या आठवत होत्या. तेल आठवत होतं. एका वर्षी हिरव्या काठाची चिंधी दिली होती, तीही आठवली. घासणी? कधी आठवे, कधी नाही. आठवायचा जितका प्रयत्न करावा तितकी ती मागच्या सगळ्या दसऱ्यांत त्यांच्या हातात दिसायला लागली, आणि मग मला कळलं की मीच ती तिथे नेऊन ठेवतेय.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू बघितलंस ना? झालं तर मग. उगाच कन्फ्यूज करू नकोस स्वतःला." त्याचा आपल्या वडिलांवर विश्वास होता आणि तो त्याला फुकट मिळालेला होता, जन्मापासून. माझं तसं नव्हतं. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होते, ते मला आवडत होते, आणि तरी दुपारी मशीनवर बसलं की माझ्या मनात त्या संध्याकाळची चित्रं यायची. ते दुपारी जेवून बाहेर पडले तेव्हा खांद्याला पिशवी होती. दुनळी सुटी केली की लांब पिशवीत मावते, हे आता मला माहीत झालं होतं. ती पिशवी लांब होती का? मी मान वर करून पाहिलं नव्हतं. ते परत आले अंधार पडल्यावर. जेवले नाहीत. कॉटवर पडून डोळ्यांवर आडवा हात घेतला. मी विचारलं तर म्हणाले, ऊन लागलं. त्या दिवशी तर आभाळ भरलेलं, ऊन कसलं लागतंय?

हे मी पोलिसांना सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. घरी मात्र मी त्यांच्याशी तुटक वागायला लागले. चहा समोर ठेवायची पण बसायची नाही. त्यांना ते कळत होतं. त्यांनी कधी काही विचारलं नाही आणि त्याचाही मला राग यायचा. माणसाने एकदा म्हणावं की, पोरी, मी नाही केलं. म्हणायला काय जातं?

दिवाळी तोंडावर आली. दर दिवाळीला देव्हाऱ्यातली समई घासायचं काम सासरे आपण होऊन घेत. त्या वर्षीही ते गॅलरीत चिंच-मीठ घेऊन बसले. मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले. समई केव्हाच लखलखीत झाली होती, सोन्यासारखी. पण ते घासतच होते. घासायचे, मग अंगठा फिरवायचे. पुन्हा घासायचे, पुन्हा अंगठा. मान एका बाजूला वळवलेली, कोंबडी दाणा बघताना करते तशी. आणि त्यांनी पाण्याचा तांब्या उचलायला उजवीकडे हात नेला, तो तांब्याच्या वीतभर अलीकडेच हवेत पडला.

मी कपडे तसेच टाकले आणि त्यांच्यासमोर बसले. "मामा, तुम्हाला दिसत नाही का?"

ते थांबले. समई मांडीवर घेतली. "डाव्यानं दिसतंय," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उजव्या डोळ्यापुढे वर्षभरापासून धुकं होतं. त्या दिवशी ते कुणाला न सांगता कात्रजकडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. पिशवीत पाण्याची बाटली आणि टोपी होती. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याचं जपता येईल, उजव्याचं गेलं ते परत यायचं नाही. तपासायला डोळ्यांत थेंब घातले होते. त्या थेंबांनी डाव्या डोळ्यालाही काही दिसेना. बाहेर बसथांब्यावर आले तर बसचे आकडे वाचता येईनात, आणि कुणाला विचारायचं म्हणजे सांगावं लागणार की दिसत नाही. फौजेतला माणूस. थेंब उतरेपर्यंत ते तिथे बाकावर बसून राहिले. अंधार पडला तेव्हा कुठे पाटी वाचता आली. वाघोलीला गोळी सुटली तेव्हा ते शहराच्या दुसऱ्या टोकाला बसमागून बस सोडून देत होते.

आणि घासणी? घासणी यासाठी की त्यांना गंज दिसत नव्हता. इतकी वर्षं डोळ्याने बघून पुसायचे. यंदा बोटाला खरखर लागत होती, आणि खरखर जाईपर्यंत ते घासत राहिले. म्हणजे मागच्या कुठल्याच दसऱ्याला घासणी नव्हती. मी पोलिसांना ठोकून दिलं होतं ते 'दर वर्षी' साफ चुकीचं होतं.

मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच संतापही आला. मी म्हटलं, अहो, मग हे पोलिसांना का नाही सांगितलंत, दवाखान्यात विचारलं तर एका मिनिटात तुम्ही सुटाल. त्यांनी मान हलवली. "आन् मग? उजवा डोळा गेल्याला माणूस, त्याला बंदूक कोन ठिवू दील? परवाना जातोय, नोकरी जाती." बाहेर बोलायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं, अगदी नवऱ्याशीही नाही. अहवाल येऊ दे. बंदुकीने काही केलेलं नाही तर ती तसं सांगेल.

"पण ती काय सांगणार, मामा? तुम्ही तर घासून टाकलीत," मी म्हणाले.

त्यांनी समई मला दिली आणि हात धुवायला उठले.

तो हिवाळा मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही, कारण तेव्हाही मला काही नीट कळत नव्हतं. आधी मला खरं माहीत नव्हतं म्हणून झोप लागत नव्हती, आता माहीत होतं म्हणून लागत नव्हती. सांगावं तर ज्याच्यासाठी ते जेलचा धोका पत्करून बसलेत तेच जाणार. न सांगावं आणि अहवाल विरुद्ध गेला, तर मी कुठल्या तोंडाने म्हणणार की मला ठाऊक होतं? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण मला तर आड कुठला आणि विहीर कुठली हेही कळेना. मधेच अशीही शंका यायची की डोळ्याचं खरं आहे, पण त्याच दिवशीचं कशावरून? मग स्वतःचीच लाज वाटायची. त्यात मी दोन ब्लाउजांना उलट्या बाह्या लावल्या, एकाच गिऱ्हाइकाच्या. तिने दुसरा शिंपी बघितला.

उन्हाळा लागल्यावर अधिकारी बाईंचा फोन आला. मला बोलावलं होतं, एकटीला. समोर बसवून त्यांनी विचारलं, "दर वर्षी घासतात, असं तुम्ही म्हणालात. प्रयोगशाळा म्हणते, घासल्याच्या खुणा ताज्या आहेत आणि पहिल्यांदाच इतकं घासलंय. काय खरं?"

मी घरून निघताना ठरवून आले होते की गप्प बसायचं. पण तसं बसता येईना. मी म्हटलं, "यंदाच घासली. आधी चिंधीने पुसायचे. त्या दिवशी मी घाबरून बोलले."

"यंदाच का?"

"गंज होता. तुमच्याकडे जमा होती तेव्हा लागलेला." एवढं बोलून मी तोंड मिटलं. डोळ्याचं ओठांपर्यंत आलं होतं.

बाईंनी कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, घाबरू नका, अहवाल आलाय. प्रयोगशाळेत आमच्या बंदुकीच्या दोन्ही नळ्यांतून काडतुसं उडवून बघितली होती. त्या पुंगळ्या आणि वाघोलीची पुंगळी एकाच सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. मागच्या लोखंडाच्या खुणांवरून काही मत देता येत नाही असंच त्यांनी लिहिलं होतं, कारण तिथे घासणी फिरली होती. पण पिन आत असते. चाप ओढल्यावर क्षणभर बाहेर येते आणि परत आत जाते, तिथे घासणी पोचत नाही. आमच्या दोन्ही पिनांचा खळगा गोल आणि बुडाच्या बरोबर मधोमध पडत होता. वाघोलीच्या पुंगळीवरचा खळगा एका कडेला सरकलेला होता आणि त्याच्या तळाशी पिनेचा टवका उडाल्याची खूण होती. ती पुंगळी आमच्या बंदुकीतली नव्हती.

"तुमच्या घासणीने काही बिघडलं नाही," बाई म्हणाल्या. "काही सुधारलंही नाही. पुढच्या वेळी तुम्हाला माहीत नसेल तर पोलिसांना माहीत नाही म्हणून सांगा."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. येणारेजाणारे बघत होते. पोलीस ठाण्याच्या पायरीवर बाई रडते म्हटल्यावर लोक वाट्टेल ते समजतात. समजू देत. महिनोन् महिने मी एका लोखंडी पट्टीची चिंता वाहत होते, आणि सगळं ठरलं ते मी कधी न पाहिलेल्या एका खिळ्यावरून.

बंदूक परत मिळायला कोर्टाचा हुकूम लागला, त्यात पावसाळा आला. ती घ्यायला मी सासऱ्यांबरोबर गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मिशीला कात्री लावली होती. कंपनीने, बंदूक मिळाली की या, असं कळवलंही होतं. मुद्देमालाच्या खोलीतल्या कारकुनाने बंदूक टेबलावर ठेवली. लाखेचे तुकडे अजून चिकटलेले होते. दस्त्यावरचं कुंकू काळं पडलं होतं. कारकून म्हणाला, आजोबा, नंबर वाचून बघा, आपलीच आहे ना, आणि सही करा.

सासऱ्यांनी बंदूक उचलली. खोलीत एकच ट्यूब होती. त्यांनी बंदूक डाव्या बाजूला वळवली, मग जरा लांब धरली. अंगठा नंबरावरून फिरवला, एकदा, दोनदा. कारकून पेन पुढे करून थांबला होता. मग त्यांनी ती माझ्याकडे वळवली आणि माझ्या हातात दिली. वीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं त्याहून ती पुष्कळ जड होती.

"तू वाच," ते म्हणाले.

मी नंबर मोठ्याने वाचला. त्यांनी मान डोलवली, सही केली. मग सही केलेल्या हातातच पेन धरून त्यांनी कारकुनाला विचारलं, परवाना परत द्यायचा अर्ज कुठं मिळतो. कारकुनाला वाटलं म्हातारा रागावलाय. तो म्हणाला, अहो, तुम्ही तर सुटलात, आता कशाला?

"मला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई," सासरे म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

बंदूक ठाण्यातच जमा केली, आणि घरी येताना रिक्षात आमचे हात रिकामे होते. धायरी फाट्याशी त्यांनी विचारलं, पिनेचं काय म्हणाल्या होत्या बाई, कुठं पडत होता खळगा? मी म्हटलं, मधोमध. दोन्हींचा? मी म्हटलं, दोन्हींचा. ते खुशीत आल्यासारखे दिसले, आणि मला ते बघवेना म्हणून मी रस्त्याकडे पाहत राहिले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी पाटावर मशीन मांडलं, शेजारी माझी मोठी कात्री ठेवली. सासरे गॅलरीत पोतं अंथरून बसले होते. सवयीने बसले असावेत, कारण साफ करायला काही नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली आणि कात्री मागितली. मी दिली. त्यांनी दोन्ही पात्यांवरून अंगठा फिरवला, अगदी टोकापर्यंत.

"गंज हाय हिला," ते म्हणाले.

गंज नव्हता. कात्री मी आदल्याच महिन्यात धार लावून आणली होती. मी आत गेले आणि त्यांना तारेची घासणी आणून दिली.